पडद्यावरील पान आणि मराठी अक्षर



पान कसें सजवावें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या सुबक टाइपांनीं मराठी वाचकाच्या डोळ्यांस एक वळण लाविलें. आज तोच प्रश्न कागदावरून पडद्यावर गेला आहे. संकेतस्थळाची रचना कशी असावी, हें त्याचें आजचें रूप होय.

या रचनेंत अलीकडे कांहीं चांगल्या पद्धति रूढ झाल्या आहेत. २०१० सालीं ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकारानें असें सुचविलें कीं, एकच पान मोठ्या पडद्यावर रुंद व्हावें आणि लहान पडद्यावर आपोआप आवरून बसावें. आमच्या देवपुरांत बहुतेक घरांतून संकेतस्थळें मोबाइलवरच पाहिलीं जातात. त्यांना या सोयीचें मोल सांगावयास नको.

परंतु दुसऱ्याहि कांहीं चाली आहेत. पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगाचीं बारीक अक्षरें, आपोआप सरकणारीं चित्रें, आणि सारी अनुक्रमणिका तीन आडव्या रेघांच्या मागें दडविलेली. नजरेला हें टापटिपीचें वाटतें. पण सात-बाराचा उतारा किंवा नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज शोधणाऱ्या वृद्धानें त्या तीन रेघांचा अर्थ कोणास विचारावा? आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे कीं, साधारण आकाराचें अक्षर व त्याची पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें. हा संकेत दुबळ्या दृष्टीच्या माणसासाठीं असला, तरी उन्हांत उभ्या असलेल्या शेतकऱ्यासहि तो तितकाच उपयोगी पडतो.

आतां मराठीपुरतें पाहूं. रोमन अक्षरांसाठीं आखलेल्या चौकटींत मराठी मजकूर तसाच ओतला, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. शोभेसाठीं अक्षरें विरळ केलीं, तर शिरोरेखा तुटते. म्हणून आपल्या लिपीस ओळींमध्यें अंतर अधिक हवें. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णमालेसंबंधीं निर्णय काढून ल आणि श यांचीं मराठी वळणें ठरवून दिलीं. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद रचनाकारानें आंत केली आणि फॉन्टमध्यें तशी तरतूद असली, तर तींच वळणें पडद्यावर उमटतात. काम एका नोंदीचें आहे. पण ती करणारास मराठीची आंच हवी.

सर्वांत घातक चाल म्हणजे मजकुराचें चित्र करून तें पानावर चिकटविणें. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. त्यापूर्वीं आणि त्यानंतरहि कांहीं वर्षें प्रत्येकाचा फॉन्ट निराळा असे. तो नसला कीं मजकुराच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसत. तेव्हां चित्र लावणें समजण्याजोगें होतें. आज तें सबबीस पात्र नाहीं. चित्रांतील शब्द सहसा शोधास सांपडत नाहींत, आणि सोबत लेखी वर्णन नसेल तर अंध वाचकाचें वाचनयंत्र तेथें मुकें होतें. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदा माहिती अशा नागरिकांसहि सुलभ असावी, असें सांगतो.

आमच्या धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवाचें संशोधन मंडळ १९२७ पासून जुनीं कागदपत्रें जतन करीत आलें आहे. कागद राखावयाचा तो पुढच्या माणसास वाचतां यावा म्हणून. पडद्यावरच्या पानाचीहि कसोटी तीच. शोभा जरूर असावी. रंगीत वेष्टनामुळें पुस्तक हातीं घ्यावेंसें वाटतें, हें कोण नाकारील? मात्र वेष्टन उघडेनासें झालें, तर ग्रंथ असून नसल्यासारखा.

म्हणून शाळा, ग्रंथालयें व नगरसंस्था यांच्या चालकांस माझी विनंति आहे कीं, नवें संकेतस्थळ स्वीकारण्यापूर्वीं तें एका वृद्धाच्या आणि एका अंध विद्यार्थ्याच्या हातीं द्यावें. त्यांस हवें तें बिनबोभाट सांपडलें, तर रचना उत्तम साधली असें खुशाल समजावें.