औषध बाहेर फेकणारी प्रथिने

पहिल्या केमोला गाठ विरघळते, घरात पेढे वाटले जातात. काही महिन्यांनी गाठ परत येते आणि तेच औषध आता तिला हातही लावू शकत नाही. असं का होतं, याचं एक उत्तर १९७६ साली टोरांटोत मिळालं. ज्युलियानो आणि लिंग हे दोघे संशोधक कोल्चिसिनला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशी तपासत होते. (कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या कंदातही असतं, विषारी, पण बेतानं दिलं तर गाऊटवर उपयोगी.) त्या पेशींच्या आवरणात सुमारे १,७०,००० डाल्टन वजनाचं एक प्रथिन मुबलक सापडलं. पेशी जितकी निबर, तितकं ते जास्त. आज त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात.

हे प्रथिन म्हणजे पंप. आवरणात शिरलेला औषधाचा रेणू ते आपल्या पोकळीत घेतं, एटीपी या पेशीच्या इंधनाची ऊर्जा खर्चून स्वतःचा आकार बदलतं आणि रेणू बाहेर टाकतं. पोकळी ऐसपैस असल्यामुळे डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल अशी एकमेकांशी नातं नसलेली औषधंही तिच्यात मावतात. त्यामुळे एका औषधाला सरावलेली पेशी कधीही न भेटलेल्या दुसऱ्या औषधालाही जुमानत नाही.

मग पंपच बंद करावा! १९८१ मध्ये जपानचे संशोधक त्सुरुओ यांनी रक्तदाबावरच्या वेरापामिलनं तो अडतो हे दाखवलं. पण त्यासाठी लागणाऱ्या मात्रेला हृदय साथ देईना. पुढची व्हॅल्स्पोडारसारखी औषधंही रुग्णांवरच्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत. मला यात नवल वाटत नाही. हाच पंप आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आपलं रक्षण करत असतो. कर्करोगानं आपलाच राखणदार पळवलेला आहे. त्याला सरसकट बांधून कसं चालेल?

पंप हे एकच कारण नव्हे; कधी औषधाचं लक्ष्य असलेलं प्रथिनच बदलतं. तिथे बदललेल्या प्रथिनाला बसेल असं औषध घडवण्याची दुसरी वाट जास्त फळली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात तो आजार चालवणाऱ्या बीसीआर-एबीएल या प्रथिनाला इमॅटिनिब हे औषध चिकटतं. २००१ मध्ये ते बाजारात आलं आणि आजाराचं रूपच पालटलं. त्याच वर्षी त्याला चुकवणारा बदलही सापडला. प्रथिनातल्या ३१५व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं, एवढंच. इमॅटिनिबला धरून ठेवणारा एक हायड्रोजन बंध गेला, वर नव्या घटकाची अडचण झाली. डॅसॅटिनिब, निलोटिनिब ही पुढची औषधं इतर बऱ्याच बदलांवर चालली. या बदलापुढे तीही हरली. मग पोनॅटिनिबच्या रेणूत कार्बनचा सडपातळ तिहेरी बंध घातला गेला, म्हणजे तो त्या अडचणीच्या कडेनं निसटतो. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मात्र त्याच्यासोबत आला.

या सभागृहात कुणाच्या घरी इमॅटिनिब चालू असेल, तर एक विनंती. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका आणि ठरलेली रक्ततपासणी टाळू नका. आकडे पुन्हा वाढू लागले, तर अशा बदलाची, म्हणजे म्युटेशनची, चाचणी करायची का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारा.