पंक्तीतले पान



१९८६ साली मद्रासेत आपल्या देशातील एचआयव्हीची पहिली नोंद झाली, तेव्हा या विषाणूवर औषध नव्हते. २००४ पासून सरकारी केंद्रांत ते विनामूल्य मिळते. नेमाने घेतल्यास रक्तातील विषाणू चाचणीतही न दिसण्याइतका घटतो. तसा राहिल्यास शरीरसंबंधातूनही बाधा होत नाही. वर्षातून दोनदाच टोचावयाचे लेनाकापाविर हे प्रतिबंधक औषध २०२५ साली अमेरिकेत संमत झाले.

लस मात्र अद्याप नाही, आणि बाधिताला गोळी जन्मभर घ्यावी लागते. घरच्यांपासून लपवावी लागली की ती चुकते. २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली. पण घरात वेगळे मांडलेले ताट कायदा कसा उचलणार? सहभोजनाने ही बाधा होत नाही. ते पान आपल्या पंक्तीत आपणच मांडू या.