पाठ एकदा करावा, सर्वत्र चालावा



विंडोजच्या संगणकावर परिश्रमपूर्वक सिद्ध केलेला पाठ दुसऱ्या शाळेतील लिनक्सच्या संगणकावर उघडावा आणि त्यातील चित्रेच दिसू नयेत, हा अनुभव आपणांपैकी काहींना आला असेल. दोष बहुधा यंत्राचा नसतो. फाइलच्या नावातील रोमन लिपीची मोठी व लहान अक्षरे विंडोज एकच मानते, लिनक्स भिन्न मानते. पाठात नाव लहान अक्षरांत आणि प्रत्यक्ष फाइलवर मोठ्या अक्षरांत असेल, तर चित्र सापडणार कसे? यास्तव सर्व नावे लहान अक्षरांतच द्यावीत. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या टंकांतील मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांगोळी होतो.

पाठ रचण्याचे साधन आणि तयार पाठ या भिन्न गोष्टी आहेत. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन विंडोजसाठीच आहे. एक्सई-लर्निंग हे विनामूल्य साधन विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. परंतु साधन कोणतेही असो, पाठ एचटीएमएल ५ या स्वरूपात काढल्यास तो बहुतेक सर्व यंत्रांवरील ब्राउझरमध्ये उघडतो.

अॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्यातील असंख्य पाठ मुके झाले. ज्यांनी मूळ फाइल जपली होती, त्यांना पाठ नव्या स्वरूपात काढण्याची संधी तरी उरली. इतरांना पुनश्च श्रीगणेशा करावा लागला. तेव्हा मूळ फाइलही जपावी, आणि पाठ अन्य शाळांस धाडण्यापूर्वी एकदा लिनक्सवर व एकदा साध्या मोबाइलवर उघडून पाहावा.