रविवारची गोळी
(मंडळीच्या त्रैमासिक सभेत केलेले भाषण)



तुमच्या दानातून सातपुड्यातल्या पाड्यांवर आरोग्याचे काम चालते. कुपोषण, क्षयरोग, सिकलसेल यांविषयी आपण या सभांत पुष्कळदा ऐकले आहे. आज मी अशा आजाराविषयी बोलणार आहे, ज्याने माणूस लगेच दगावत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तो म्हणजे आमवात. डॉक्टर त्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात.

म्हातारपणी गुडघे झिजून दुखतात, ते दुखणे वेगळे. आमवातात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. घरच्या राखणदाराने घरच्यांवरच काठी उगारावी, तसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट जास्त आढळतो, आणि बऱ्याचदा भर कामाच्या वयात. बोटांचे, मनगटांचे, पावलांचे सांधे दोन्ही बाजूंना सुजतात. पहाटे ते आखडलेले असतात, तास-दोन तास मूठ वळत नाही. हालचाल झाली की हळूहळू सैल होतात.

आता हे एका घरात आणून बघा. धडगावकडच्या एका पाड्यावर आमची एक पावरा बहीण आहे, तीन लेकरांची आई. पहाटे तिला भाकरीचे पीठ मळता येईना, झऱ्यावरून हंडा आणता येईना. दुपारी मात्र ती शेतात काम करी. सासू म्हणे, "सकाळी हात चालत नाहीत आणि दुपारी चालतात, हे कसले दुखणे? सोंग आहे." कोणी म्हणाले, बाहेरची बाधा. आपल्यापैकीच एकाने तिला सांगितले की तुझा विश्वास कमी पडतो.

शेवटी तिने बाजारातून सुट्या गोळ्यांच्या पुड्या आणल्या. दोन दिवसांत आराम पडला. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी औषध आहे. पण मनाने महिनोन्महिने घेतले तर चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि एकाएकी बंद केले तर जिवावर बेतू शकते. शिवाय दुखणे दबले तरी मूळ आजारावर नीट उपचार होत नाहीत. सुरुवातीलाच योग्य औषध मिळाले तर हात वाचतात. एकदा वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

आमच्या आरोग्यसेविकेने तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथे तिला मेथोट्रेक्सेट सुरू झाले. हे औषध जुने आहे आणि स्वस्तही आहे, पण त्याचा एक नियम पक्का आहे. ते आठवड्यातून एकाच वारी घ्यायचे. चुकून रोज घेतले तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, मृत्यूही येऊ शकतो. जिला वाचता येत नाही, तिने हे कसे सांभाळावे? सेविकेने विचारले, "ताई, कोणता वार तुमच्या पक्का लक्षात राहतो?" ती म्हणाली, "रविवार. उपासनेचा."

तेव्हापासून उपासना झाली की सेविका तिला त्या आठवड्याची मात्रा देते आणि वहीत खूण करते. बाकीच्या गोळ्या सेविकेजवळ राहतात.

या औषधाचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. पुडीने दोन दिवसांत आराम पाहिलेला माणूस इथेच कंटाळतो आणि औषध सोडतो. या आठवड्यांत कोणीतरी सोबत लागते. ठरलेल्या वेळी रक्त तपासावे लागते, कारण यकृतावर परिणाम होऊ शकतो. म्हणून मोहाची दारू वर्ज्य. गरोदरपणात हे औषध चालत नाही, म्हणून नवऱ्यालाही समजावून सांगावे लागते. ताप किंवा दम लागला तर लगेच दवाखाना गाठावा लागतो.

ती पूर्ण बरी झाली, असे मी सांगणार नाही. दोन बोटे वाकडीच राहिली. पण आता पहाटे ती भाकरी थापते, आणि हंडा सासू उचलते.

लूककृत शुभवर्तमानातली अठरा वर्षे वाकलेली बाई आपल्याला ठाऊक आहे. प्रभूने तिला पाहिले, जवळ बोलावले. तिचा विश्वास किती, हे त्याने विचारले नाही. आपणही विचारू नये. प्रार्थना जरूर करावी, पण प्रार्थना करतो म्हणून गोळी बंद करा, असे कोणाही दुखणेकऱ्याला सांगू नये.

तुमच्याकडे माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. रक्ततपासणीच्या दिवशी बसभाडे आणि बुडालेली मजुरी देता येईल, एवढा निधी. प्रत्येक उपासनागृहात गुडघे टेकता न येणाऱ्यांसाठी पाठीची खुर्ची. आणि सहा आठवड्यांहून अधिक काळ सांधे सुजलेले व पहाटे आखडणारे कोणी दिसले, तर त्या व्यक्तीला दवाखान्यात घेऊन जाणारा मंडळीतला एक माणूस. हे तिसरे काम पैशाने होत नाही. ज्यांना ते करता येईल, त्यांनी सभेनंतर मला आपले नाव द्यावे.

प्रभू आपल्या हातांना बळ देवो. आमेन.