पडद्यावरची चूक वाचावी कशी?
(संगणक वर्गाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. मी संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु 'सी' भाषा शिकणारी आपली मुले पडद्यावर इंग्रजीच्या दहा-वीस ओळी उमटल्या की खिडकी बंद करतात, "आपल्याला हे जमायचे नाही" म्हणतात आणि पुढच्या आठवड्यापासून वर्गाला येत नाहीत. हे पाहून गप्प बसवत नाही. त्या ओळींत इतके इंग्रजी नसतेच मुळी!

कंपायलरला अडले की तो तक्रार लिहितो. जीसीसी या कंपायलरची तक्रार अशी असते: आधी फाईलचे नाव, मग अपूर्णविराम, ओळीचा क्रमांक, अक्षराचे स्थान, नंतर 'एरर' किंवा 'वॉर्निंग' हा शब्द आणि शेवटी कारण. 'मेन.सी:१२:५: एरर' एवढे ओळखता आले की निम्मे काम झाले. न वटलेल्या चेकसोबत आम्ही मेमो देतो. जाणता खातेदार आधी त्यातले कारण पाहतो, भांडायचे ते मग भांडतो.

हा पत्ता एडिटरही शोधून देतो. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'विम'मध्ये 'एररफॉरमॅट' नावाची सोय आहे. त्यात एक साचा लिहायचा: टक्क्याच्या चिन्हापुढे एफ म्हणजे फाईल, एल म्हणजे ओळ, एम म्हणजे मजकूर. 'मेक' हा हुकूम दिला की विम कंपायलर चालवतो, आलेली प्रत्येक ओळ साच्याशी ताडतो आणि कर्सर पहिल्या चुकीवर नेऊन ठेवतो. ही कल्पना अमिगा संगणकावरच्या अ‍ॅझटेक सी कंपायलरवरून सुचलेली. ईमॅक्समध्येही अशी सोय आहे.

साचा मात्र आंधळा. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या 'सी' अक्षरापुढेच अपूर्णविराम येतो. कच्चा साचा तेथेच थांबतो आणि फाईलचे नाव नुसते 'सी' समजतो. काही कंपायलर अक्षरे न मोजता बाइट मोजतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइटांचे. त्यामुळे ओळीत मराठी मजकूर असला की दाखवलेले स्थान भलतेच पुढे जाते. आपली अक्षरे अशी जड!

आणखी एक. तक्रार १२व्या ओळीची असली तरी अर्धविराम ११व्या ओळीत राहिलेला असू शकतो. पुढचा शब्द वाचल्याशिवाय कंपायलरला ते उमगत नाही. म्हणून वरची ओळही पाहावी. आणि वीस तक्रारी म्हणजे वीस चुका नव्हेत. खतावणीत वरची एक नोंद चुकली की खालच्या साऱ्या शिलका चुकतात, तसेच हे. पहिली दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. पुष्कळदा बाकीच्या आपोआप जातात.

वर्गात एक वही ठेवली आहे. भेटलेला संदेश तीत देवनागरीत लिहावा, पुढे मराठीत अर्थ. पहिल्या दोन नोंदी मी केल्या आहेत: 'अनडिक्लेअर्ड' म्हणजे हे नाव आधी जाहीर केलेले नाही, बहुधा स्पेलिंग तपासावे; 'एक्स्पेक्टेड' म्हणजे येथे अमुक चिन्ह हवे होते. तिसरी नोंद तुमच्यापैकी कोणी करावी.