काजळी धरलेली काच

आयोजकांचे आभार, दिवंगत लेखकांना आदरांजली, यजमान गावाचं कौतुक: सगळं दोन मिनिटांत उरकलं. विज्ञानलेखकांच्या संमेलनाच्या अध्यक्षबाईंनी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेलं. पत्रिकेत भाषणाचा विषय छापला होता, 'पदार्थाचे मूलकण आणि कृष्णद्रव्याचं गूढ'. मूलकणांच्या वाट्याला चार वाक्यं आली. सहा क्वार्क, सहा लेप्टॉन, बलं वाहणारे कण आणि 2012 साली सर्नमध्ये हाती लागलेला हिग्ज. या साऱ्या गोतावळ्यातून घडलेला पदार्थ विश्वाच्या वस्तुमान-ऊर्जेत जेमतेम पाच टक्के. त्याच्या पाचपटीहून जास्त ते दुसरं द्रव्य. एवढं सांगून बाईंनी टिपणं पालथी घातली.

"माझं भांडण त्यातल्या 'कृष्णा'शी आहे."

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत.

1933 साली फ्रिट्झ झ्विकीने कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. इतक्या वेगाने पळणाऱ्या दीर्घिकांना बांधून ठेवायला दिसणारा पदार्थ पुरत नव्हता. न दिसणाऱ्याला त्याने जर्मनमध्ये 'डुंक्ले माटेरिए' म्हटलं. डुंकेल म्हणजे अंधारलेलं. काळ्याला जर्मनमध्ये 'श्वार्त्स' हा वेगळा शब्द आहे. मराठीने मात्र कृष्णविवराच्या चालीवर इथेही कृष्ण चिकटवला, अशी बाईंची तक्रार. काळी वस्तू उजेड गिळते. मृग नक्षत्रातला अश्वशीर्ष मेघ काळा दिसतो, कारण त्याची धूळ मागचा प्रकाश अडवते. हे द्रव्य काहीच अडवत नाही.

सकाळच्या परिसंवादात संस्कृत प्रतिशब्द की सरळ 'डार्क मॅटर', यावर तासभर खडाजंगी झाली होती. बाईंनी ती वर्गातल्या एका प्रसंगाने निकालात काढली. त्यांनी फळ्यावर 'कृष्णद्रव्य' लिहिलं, ते आपल्या अवतीभवतीही असावं असं सांगितलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला: "बाई, मग आम्हाला फळा कसा दिसतो?"

दुसऱ्या दिवशी बाई कंदिलावर धरून काजळलेली काच, एक स्वच्छ काच आणि एक भिंग घेऊन वर्गात गेल्या. काजळीची काच सगळ्यांना दिसली. स्वच्छ काच उंच धरली, तेव्हा मागची पोरं म्हणाली, हात रिकामा आहे. मग भिंग पुस्तकावर धरलं आणि अक्षरं फुगली. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या अदृश्य वस्तुमानापाशी असाच वाकतो. भिंगात ते काम काच करते, तिथे गुरुत्वाकर्षण. "आता सांगा, यात काळं काय?" हा सवाल वर्गाला होता की पहिल्या रांगेतल्या परिभाषाकारांना, कळायला मार्ग नव्हता.

खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिनपाशी बाईंचा आवाज जरा मऊ झाला. सूर्याजवळचा बुध सेकंदाला 47 किलोमीटर धावतो, लांबचा नेपच्यून साडेपाचच्या आसपास. 1970 साली रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेची मोजणी प्रसिद्ध केली, त्यात कडेकडेलाही वेग असा घसरत नव्हता, म्हणजे तिथेही न दिसणारं वस्तुमान असणार.

दक्षिण डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, दहा टन द्रव झेनॉन या द्रव्याच्या एका कणाच्या धक्क्याची वाट पाहत आहे. खात्रीचा धक्का अजून नाही. "कण सापडेल तेव्हा सापडेल, नाव तरी धड ठेवा!"

त्यांचा शब्द 'अदृश्यद्रव्य'. नवी परिभाषासूची करायचं त्यांनी जाहीर केलं. कोण करणार, केव्हा, ते राहून गेलं. मग आभार मानायला उठलेल्या कार्यवाहांनी कृष्णद्रव्यावरच्या उद्बोधक भाषणाबद्दल अध्यक्षांना धन्यवाद दिले.