पहिली गाडी किती क्विंटलांची?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला आज इथे पुष्कळ जण आहेत. मी चारचाकी गाडीबद्दल बोलणार आहे. हसू नका. या मांडवात निदान पन्नास घरं अशी आहेत, की जिथे यंदा गाडीचा विषय निघाला आहे.

नोकरदाराने कर्ज काढून गाडी घेतली तर ती गरज, आपण घेतली तर ती चैन! रात्री दोन वाजता सुनेला कळा सुरू झाल्या आणि शेवटची एसटी सातलाच निघून गेली असली, तर गाडी चैन वाटते का? गाडी जरूर घ्या. पण हिशेब मांडून घ्या. मी न मांडता घेतली, ती गोष्ट आधी सांगतो.

२०१७ सालच्या अक्षय तृतीयेला मी जुनी गाडी घेतली. किंमत ३ लाख. १ लाख जवळचे, २ लाख एका फायनान्स कंपनीचे. एजंट म्हणाला, ‘काका, व्याज फक्त दहा टक्के.’ मी मुकाट्याने सह्या केल्या. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळी आली. दुसऱ्या वेचणीनंतर पऱ्हाटीत काही उरलं नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला उभाच. दोन हप्ते थकले, तशी कंपनीची दोन माणसं येऊन भर गावादेखत ओट्यावर बसली. घरातून बायको आली, गळ्यातली पोत काढून माझ्या हातात दिली आणि काही न बोलता आत गेली. ती पोत सोडवायला मला चार वर्षं लागली. म्हणून आज इथे उभा आहे.

पहिली गोष्ट. गाडीची किंमत रुपयात मोजू नका, क्विंटलात मोजा. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. ३ लाखांची गाडी म्हणजे ३७ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले, तर साडेसात एकरांचा सगळा माल. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी वजा केलेली नाही. ज्वारीवर मोजाल तर हायब्रीडला ३,६९९ रुपये, म्हणजे ८१ क्विंटल. आणि हमीभाव हातात पडतोच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट व्याजाची. एजंट सांगतो तो ‘फ्लॅट’ दर असतो. २ लाखांवर १० टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाला २० हजार, तीन वर्षांचे ६० हजार. हप्ता ७,२२२ रुपये. आता नीट ऐका. पहिला हप्ता भरला की मुद्दल कमी व्हायला लागतं. शेवटच्या वर्षी तुमच्याकडे कंपनीचे पाऊण लाखच उरलेले असतात, पण व्याज पूर्ण २ लाखांवरच चालू! उरलेल्या मुद्दलावर १० टक्क्यांनी हिशेब केला, तर हप्ता ६,४५३ रुपये आणि तीन वर्षांचं व्याज ३२ हजारांच्या आसपास. फरक २७ हजारांच्या वर, म्हणजे साडेतीन क्विंटल कापूस. १० टक्के फ्लॅट म्हणजे खरं व्याज जवळपास १८ टक्के. तेव्हा एकच प्रश्न विचारा : ‘दर फ्लॅट की घटत्या मुद्दलावर?’ रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जाबरोबर एक माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. ते हातात पडल्याशिवाय सही नाही. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही.

तिसरी गोष्ट हप्त्याची. पगार महिन्याला येतो, म्हणून हप्ता महिन्याला. आपला माल महिन्याला येतो का? घरात दुधाचा किंवा नोकरीचा पैसा असेल तर मासिक हप्ता चालेल. नसेल तर सहामाही हप्ता मागा : एक कापूस विकल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात, दुसरा ज्वारी विकल्यावर मे महिन्यात. काही संस्था शेतकऱ्याला असा हप्ता देतात, पण मागितल्याशिवाय नाही. आणि हप्ता चांगल्या वर्षावर ठरवू नका. गेल्या पाच वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष आठवा. त्या वर्षी जो भरता आला असता, तोच तुमचा हप्ता.

पीककर्ज गाडीत घालू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजाची सवलत आहे. ते थकलं की सवलत गेली, आणि पुढच्या पेरणीला बँकेचं दारही बंद.

चौथी गोष्ट गाडीची. नव्या छोट्या गाडीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. नवी स्वस्त झाली तर जुनीनेही उतरायला पाहिजे. तेवढी घासाघीस करा. जुनी बघायला जाताना आपला मिस्त्री बरोबर न्या. इंजिन थंड असताना सुरू करून बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती किती उरली ते बघा. सातबाऱ्यावर असतो तसा बोजा आरसीवरही असतो. आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवा. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करा, आणि विमा १४ दिवसांत. आपली जुनी गाडी विकतानाही हेच करा. नोंदीत नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने पळवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

हप्ता थकला तरी घाबरून सावकाराकडे धावू नका. गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याचा अधिकार कुणाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलं आहे. पण देणं देणंच असतं. आधीच कंपनीत जा आणि मुदत लेखी मागा.

शेवटचं. गाडी घरी आणली की खर्च संपत नाही, तिथून सुरू होतो. पेट्रोल, विमा, टायर, दुरुस्ती मिळून माझ्या वहीत गेल्या वर्षी ४६ हजार निघाले. हप्त्याच्या शेजारी हा आकडाही मांडा. आणि तो कागद घरच्या लक्ष्मीपुढे ठेवा. वेळ आली की पोत तिचीच निघते. मग सही करण्याआधी विचारायचं तिला नाही तर कुणाला?

भाषणं संपली की मी मांडवाच्या मागे लिंबाखाली बसतो. ज्यांनी कर्जाचे कागद आणले असतील त्यांनी या. बसून हिशेब करू.